विनंती केली आहे

रात्रीचे सव्वाबारा. महापे, एमआयडीसी.
पाचव्या मजल्यावर एसी असा
की माझा स्वेटर बारा महिने खुर्चीच घालून बसते.
मी स्कॅन सुरू करते.
पडद्यावर ओळ उमटते : विनंती केली आहे.
आणि खाली शून्य टक्के.

कुणाला केली, ते लिहीत नाही.

कुणी टक लावून बघत असलं
की यंत्रांनाही उठायची लाज वाटत असेल,
असं समजून खाली जाऊन चहा घेतला.
गेटवर ढमाले काका
आत येणाऱ्या टेम्पोचा नंबर लिहीत होते, वेळेसकट,
बॅटरी दातांत धरून.
बॅटरी काढून म्हणाले,
"भोकं शोधायचं ते तुमचं यंत्र
आज चालत नाय वाटतं."
माझ्या तोंडावरच लिहिलं असणार.

वर आले. विनंती केली आहे.

सर्व्हिस थांबवली, उठवली.
फीड ताजी, काल दुपारचीच.
दोन प्रोग्रामांमधली ती अरुंद खिडकी, सॉकेट,
तिची परवानगीही बरोबर होती.
मग लॉग उघडला,
तर शेवटची ओळ मंगळवारची, आणि तीही अर्धी :
"ऐरोली शाखा, यजमान क्रमांक सतरा, येथे"
येथे काय?
शाई संपल्यासारखा शब्द तिथेच थांबलेला.

इरफान मुकादमांना कौसाला फोन केला.
झोपेतल्या आवाजात म्हणाले, "जागा बघितलीस?"
कसली जागा?
"डिस्क गं. लिहायलाच जागा नसेल
तर तो बिचारा तोंड कशाला उघडेल?"

शंभर टक्के भरलेली.

आणि कशाने, तर त्याच्याच अहवालांनी.
चार वर्षं, दर शनिवारी रात्री,
पतपेढीच्या नऊ शाखा दार दार ठोठावून
सापडलेली प्रत्येक भेग त्याने लिहून ठेवलेली.
दोनशे तीन शनिवार.
उघडून वाचल्याची खूण एकावरही नाही.

पहिला उघडला.
गंभीर. ऐरोली शाखा, प्रिंटर.
पासवर्ड एक दोन तीन चार. तातडीने बदलावा.
शंभरावा उघडला.
ऐरोली, प्रिंटर, तातडीने.
शेवटच्यातही तोच प्रिंटर,
तेच तातडीने, आवाज न चढवता.

ऐकणारं कुणी नसताना इतक्या शिस्तीत बोलत राहणारं
माझ्या ओळखीत एकच माणूस आहे.
ती कळव्याला राहते, दर रविवारी फोनवर सांगते,
न्हाणीघराचं तावदान निखळलंय, कुणाला तरी पाठव.
मी म्हणते, हो, बघते.

"जुने उडव सगळे," मुकादम म्हणाले,
"दहाला ऑडिट आहे, त्यांना आजचाच हवाय."
बरोबरच होतं त्यांचं.
कमांड लिहून झाली तरी
एंटरवर बोट थोडा वेळ नुसतं ठेवून बसले.
नवीन भोकं शोधायची
तर जुनी, न वाचलेली, पुसायची.
दोनशे दोन पुसले.
एक माझ्याकडे ठेवला, का ते विचारू नका,
ऑडिटच्या कामाचा नाही तो.

विनंती केली आहे.
मग, पापणी लवावी तसं : सुरू आहे. एक टक्का.

बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर
रिकामे टँकर खडखडत गेले.
तो निघाला होता
पोर्टमागून पोर्ट, बंद दारांना हात लावत.
तीन चाळीसला ऐरोली.
कुलूपबंद शाखेत, अंधारात,
त्या प्रिंटरने पहिल्याच हाकेला ओ दिली.

सहाला अहवाल आला.
सगळ्यांना पाठवला, मला स्वतःलासुद्धा,
आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं, एसीला ऐकू जाईल इतपत.

मग कळव्याला फोन लावला.
म्हटलं, आई, त्या तावदानाचं माप सांग.
पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज.
"का गं," ती म्हणाली, घाबरून,
"काय झालं?"