रोमेइका

चारशे शहात्तर, म्हणतात एक प्राध्यापक.
दुसरे चौदाशे त्रेपन्नवर अडलेले:
तट फुटला तो मंगळवार.
तिसऱ्यांना अजून आठ वर्षं हवीत,
त्राब्झोनचा किल्ला पडेपर्यंत.

किल्ल्यामागच्या डोंगरात, धुक्यात, झेकिये.
नमाज अरबीत, बाजारहाट तुर्कीत,
पण गाईशी, चुलीशी, दुखऱ्या गुडघ्याशी
ती बोलते रोमेइका.
म्हणजे काय गं?
"म्हणजे रोमचं."
रोम कुठंय, तिला ठाऊक नाही.
दरीपलीकडे असेल.

नातू कलोनला. फोनवर तुर्कीच,
तीही तुटक.

गेल्या आठवड्यात गाय विकली.
सांजेला हाक ओठांवर येते,
दाव्याकडे बघून
ती गिळून टाकते.

गाय गेली तो वार कोणता?
"बाजाराचा," म्हणते झेकिये,
आणि हेझलनट फोडत बसते.