पाराखाली तीन

चार वर्षांमागं वणी रोडवर त्याची गाडी पंक्चर झाली,
एवढंच आमचं त्याचं नातं.
कवडू स्टेपनी लावेपर्यंत
त्यानं डिक्कीतून एक काठी काढली.
पोट्टे म्हणाले, हे काय व्हय?
तो बोलला नाही, मारून दाखवलं.
चेंडू नाल्यावरून गेला,
देवराव नन्नावरेच्या तुरीवरून गेला,
मग दिसेनासा झाला.
आवाज तेवढा राहिला, सुपारी फुटल्यासारखा.

फागुनात धसकटं वेचताना शोभा दडमलला तो सापडला.
टिटवीचं अंडं समजून तिनं भोवती ढेकळं रचली,
तीन दिवस तिकडं कोणाला फिरकू दिलं नाही.

तेव्हापासून तो आमचा.
नाव हरकिरत. म्हातारा झिंगू हरिकीर्तन म्हणतो,
आणि दुरुस्त केलं तर रागावतो.

मी ग्रामपंचायतीचा शिपाई. फळा माझ्याकडं.
डावीकडं लसीकरण, नळाची वेळ, डेंग्यूची सूचना.
उजवीकडं, गुरुवार ते रविवार, त्याचा आकडा.
रेंज फक्त टाकीच्या सतराव्या पायरीवर;
तिथून मी ओरडतो,
खाली खडू घेऊन माझी मुलगी.

खेळ समजायला वर्ष गेलं.
"उणे तीन म्हंजे हरला का बाप्पा?"
नाही. जितकं कमी तितका पुढं.
"असं कुठं असते?"
मग मीच म्हणालो, पार म्हणजे पार,
हा आपण बसतो तो, लिंबाचा.
याच्या खाली गेला की चांगलं.
"खाली तं कुत्रं झोपते," झिंगू म्हणाला,
पण त्या दिवसापासून गावात कोणी उणे म्हणत नाही.
पाराखाली तीन. पाराखाली एक.
बहुतेक वेळा पारावर दोन,
आणि शुक्रवारी घरी.
कट म्हणजे काय
हे मात्र कोणाला शिकवावं लागलं नाही.

औंदा सामने नागपूरला आले.
कवडूच्या मॅजिकमध्ये आम्ही अकरा जण.
दोरीपलीकडचं गवत पाहून
शेवंतानं चपला काढून हातात घेतल्या.
एका पोरानं पाटी वर धरली: शांतता.
आम्ही शंकरपटात घसा फाडणारी माणसं,
जोडी सुटली की एकमेकांच्या अंगावर पडणारी,
अठरा भोकं दोरीकडेनं चाललो
आणि खोकलाही पदरात खोकलो.

शेवटच्या भोकाला सव्वा हात उरला होता.
पडला तर शनिवार.
तो खाली बसला, उतार बघत राहिला,
देवराव दांडात पाणी सोडण्याआधी बघतो तसा.
चेंडू काठाशी गेला,
आत डोकावला,
आणि बाजूनं निघून गेला.
"अरे बाप्पा," झिंगू म्हणाला, जरा मोठ्यानंच.
काळ्या चष्म्याची एक बाई वळून बघत राहिली.

दोरीजवळून तो गेला तेव्हा
शोभानं पदराची गाठ सोडली.
त्याचा चेंडू, त्याला द्यायला आणलेला.
"घ्या," एवढंच तिच्या तोंडून निघालं.
त्यानं खिशातून पेन काढलं,
सवयीनं सही केली,
चेंडू तिच्या तळहातावर परत ठेवला
आणि मान लववून गेला.

जांबच्या फाट्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.
मग कवडू म्हणाला, "पंक्चरचं तरी सांगाचं होतं ना वो."
"कायले?" शोभा म्हणाली.
"आताच हरला होता तो.
त्यातच याले-त्याले वळखत बसावं का त्यानं?"

चेंडू आता कुंकवाच्या जुन्या डबीत आहे,
सही पुसू नये म्हणून कापसात.
ग्रामसेवक म्हणतो, फळा सरकारी आहे.
खरंच आहे ते.
गुरुवारी सहा पन्नासला तो कोलकात्यात सुरू करतो.
मी डेंग्यूची ओळ जरा आखूड केली आहे.