तीन उशा

रात्री अडीचला ओनीहून वर, बर्फातून गाडी.
दारातच त्सिआला म्हणाली,
"चार रात्री खुर्चीत झोपतोय. हट्ट, दुसरं काय."

बिचिको. आमच्या खोऱ्यातल्या मेजवान्यांचा तमादा;
प्याला उचलून तो बोलायला लागला
की मटण गार व्हायचं.
आता "एतेरी, ये",
मग श्वास. मग "बस".
मग पुन्हा नुसताच श्वास.

हात गुडघ्यांवर रोवलेले,
बुटांच्या नाड्या सुटलेल्या.
नडगीवर बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला.
पलंगावर उशा तीन.
गेल्या महिन्यात किती होत्या?
"एक," त्सिआला म्हणाली
आणि उशांकडे बघत राहिली.

पाठीला स्टेथोस्कोप.
अगदी तळाशी, कानाजवळ केस चोळावेत
तसा बारीक आवाज.
बोटभर वर सरकले. तिथेही.
आणखी वर. तिथेही पाणी.
रुमालात गुलाबी फेस;
"द्राक्षाचा..." तो म्हणाला,
आणि वाक्य तिथेच सोडलं.

"आडवं नको करूस," मी ड्रायव्हरला ओरडले,
"खुर्चीसकट उचल."
मास्क. जिभेखाली फवारा. शिरेत सुई.

पुलापाशी त्यानं मास्क जरा बाजूला केला.
"खुर्ची परत आणून दे."
मी शब्द मोजले.
सलग चार.