तळाचा कागद

दुकानात माझं काम बादल्या भरायचं.
विहारात दान द्यायच्या पिवळ्या बादल्या,
वर्षावासाच्या तोंडावर दिवसाला साठ, कधी सत्तर.
तळाशी चुरगळलेलं वर्तमानपत्र, चांगलं वीतभर,
त्यावर पाण्याच्या दोन बाटल्या, खोकल्याच्या गोळ्या,
आणि वर, जिथे डोळा जातो तिथे,
साबण, टूथपेस्ट, चहाची पुडी,
हातरुमालाएवढं भगवं वस्त्र.
मग झगझगीत प्लास्टिक, फुगीर गाठ.
बादली गच्च दिसते.
मालक म्हणतो, सेंगला, पुण्य आतून कोण बघतंय?

मी बघते. म्हणजे मला ठाऊक असतं.
चहाची मुदत मागच्या सोंगक्रानलाच संपली.
टॉर्चचा सेल गळतोय.
मापात पाप, आणि माप माझ्याच हातचं.

गिऱ्हाईक येतं. कुणाचा बाप गेलेला,
कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाची नवी पिकअप.
बादली छातीशी धरून नेतात, तान्हं न्यावं तशी.
मी सुटे पैसे मोजते, मान वर करत नाही.

खामपानला जाऊन शंभर दिवस झाले
तेव्हा मालकाने एक बादली फुकट दिली. मोठी, तीनशे बातची.
घरी आणून मी गाठ सोडली.
कागद काढला, तळहाताने सपाट केला.
लॉटरीचे आकडे होते. खामपानने हा अंकही वाचला असेल,
पेन्सिल कानावर ठेवून.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने टेकडी चढले.
वर अकरा मे-ची राहतात, पांढऱ्या वस्त्रातल्या.
बादल्या घेऊन लोक खालीच थांबतात, भिक्खूंच्या विहारात.
मी विचारलं, काय हवंय?
थोरल्या मे-ची बुआलोय नुसत्या बघत राहिल्या.
मग मला स्वयंपाकघरामागे घेऊन गेल्या.
खालून आलेल्या पिवळ्या बादल्यांची उतरंड.
एकीत मिरच्या लावलेल्या, एकीत गवती चहा,
एक छपराच्या गळतीखाली, अर्धी भरलेली.

बादली नको, एवढं म्हणून त्या बोटं मोडू लागल्या:
पांढरा दोरा. जाडं मीठ. गुडघ्याचा बाम.
गॅसची नळी. चपलेचे अंगठे, सहा तरी.
आणि त्या नळाचा वायसर,
रात्रभर टपटपतो, पोरींचं ध्यान लागत नाही.
माझंही, म्हणाल्या, आणि हसल्या.

वायसर.
दुधाच्या पावडरीचा डबा भरून ठेवलेत त्याने,
नट, स्क्रू, कशाकशाच्या चकत्या.
फेकून दे ते भंगार, म्हणून बारा वर्षं भांडले मी.

शंभराव्या दिवशी पहाटे उठले.
चिकट भात वाफेवर ठेवला, बांबूच्या कोंबांची आमटी केली,
त्याला लागायची तशी जहाल.
ऊन डोक्यावर यायच्या आत वाढलं.
सगळ्यांत धाकट्या मे-चीला ठसका लागला, डोळ्यांतून धारा,
तरी भाताचा गोळा तिने आमटीत बुडवलाच.

मग पान्हा घेऊन मी नळाशी बसले.
पहिला वायसर मोठा. दुसरा फुटलेला.
पाचवा बसला, तोही दोरा गुंडाळून.
सगळे कान देऊन उभे.
टप नाही.
कोण आधी हसलं ते कळलं नाही.

नंतर त्यांनी गाथा म्हटल्या.
मी छोट्या तांब्यातून धार धरली, वाटी भरली,
अंजिराच्या बुंध्याशी उदक सोडलं.
हे तुला, म्हटलं. तुझंच आहे, डब्यातलं.
पाणी जिरायला वेळ लागला. मी बसून राहिले.

आज पुन्हा दुकानात. बावन्न बादल्या.
कागद घालतेच. पोट आहे.
पण मालक चहाला गेला की
कागदाच्या घडीत एक वायसर सरकवते,
सुई टोचलेलं दोऱ्याचं रीळ,
किंवा चपलेचा एखादा अंगठा.
उचलणाऱ्याला वजन कळत नाही.
डबा अजून निम्मा आहे.