दरपत्रक

चौरस फुटाला बावीस रुपये.
पाटी टांगली, तेव्हा लक्ष्मीपुरीतला सूतवाला हसला :
"वाकळंला कसला दर?"

मशीन इचलकरंजीचं, जुनं.
टेम्पोतनं उतरवायला पाच जण लागले,
त्यांची भजी-चहा माझ्याच खात्यावर.
दहा फुटांची चौकट खोलीभर पसरली,
आता मी झोपते तिच्याखाली.

सौंदत्तेबाई पाच लुगडी घेऊन आल्या.
"कापड आमचं. मग तुमचं काय ओ त्यात?"
माझं?
सूत माझं. मोडलेल्या सुया माझ्या.
विजेचं बिल.
उजव्या खांद्यातली कळ,
ती कुठल्या चौरस फुटात बसवू?

पाच बाय सात. सातशे सत्तर.
बाई म्हणाल्या, सातशे.
मी म्हटलं, बरं.
बरं म्हणायला काही लागत नाही.

रात्री खडूनं फरशीवर मांडलं :
सूत एकशेचाळीस, वीज साठ,
उसवण्यासकट नऊ तास.
तासाला पंचावन्न आणि वर चिल्लर.
समोरचा पंक्चरवाला
एका ट्यूबला ऐंशी घेतो,
त्याला कोण विचारत नाही,
हवा कुणाची?

सकाळी पाटी पुसली.
अठ्ठावीस.
उसवणं वेगळं.
खाली नाव घातलं, जरा मोठ्या अक्षरात :
जैनब मणेर.