चौथी खिडकी

टोलीडोत फेब्रुवारी म्हणजे मीठ टाकलेले रस्ते
आणि बुटांवर पांढरे डाग.
मादाम तिसराँ आमच्या औषधांच्या दुकानात येतात,
पायपुसण्यावर दोनदा पाय आपटतात,
आणि रांग नसली तरी पिवळ्या रेघेमागे थांबतात
मी हाक मारेपर्यंत.

रांगेची सवय, म्हणतात. पण पलीकडच्या बाजूची.

एकोणिसाव्या वर्षी, सेंतेतिएनच्या विमा कचेरीत
चौथी खिडकी.
खाणीतली माणसं खोकत यायची,
तपकिरी कागद पुढे सरकवायची, त्यावर
औषधाच्या खोक्यावरून नखानं सोललेली चिठ्ठी
चिकटवलेली.
तिरकी असली तर कागद परत.
"मी पाठवायचे परत," त्या सांगतात.
"तिरकी होती, म्हणून."

मग वरचा मजला. मग लिओं. मग पॅरिस,
लांबलचक टेबल आणि यादी:
कशाचे पैसे द्यायचे, शेकडा किती, काय वगळायचं.
एका दुपारी जेवणानंतर त्यांनी
एक सिरप वगळलं.
पुरावा नव्हताच काही, साखर आणि पाइनचा वास.
सहा महिन्यांनी डोंगरातून पत्र आलं, एका बाईचं:
त्यानं तो वाचणार नव्हता, मला माहीत होतं.
पण रात्री चमचा धरायला
काहीतरी होतं हातात.
उत्तर नियमाप्रमाणे गेलं. सही ह्यांची.

निवृत्तीला पदक मिळालं,
ते आता लेकीच्या घरी बटणांच्या डब्यात.

आज इन्शुलिन होतं. नातवाचं.
मशीन म्हणालं, नामंजूर.
मी किंमत सांगितली, हळू आवाजात,
मयत कधी उचलणार ते सांगतात तशी.
त्यांनी चष्मा लावला,
कागद उलटा केला, पुन्हा सुलटा.
"कारण लिहिलेलं नाही."
नसतं, मी म्हटलं.
"मी नेहमी कारण लिहायचे."

माझ्या बाबांचं दुकान मिरजेत, दवाखान्याच्या समोर.
उधारीच्या वहीत ते कधीकधी
एखादं नाव आडव्या रेघेनं खोडायचे,
रक्कम न घेता.
कारण तेही लिहीत नसत.
हे मला सांगायचं होतं, इंग्रजीत जुळेना.

दोन कार्डं चालवून पैसे भागले.
मग मादाम तिथेच उभ्या राहिल्या,
हातमोजा काढला, खोक्यावरची चिठ्ठी
नखानं सोलू लागल्या, कोपऱ्यापासून, न फाडता,
पावतीच्या पाठीवर चिकटवली.
सरळ. अगदी सरळ.
आणि माझ्याकडे सरकवली.

रेघेमागे एक माणूस खोकला.

मी ती घेतली, ड्रॉवरमध्ये ठेवली.
शिक्का असता
तर मारला असता.