पुढचं माप, मागचं माप

गाडी डावीकडे ओढते,
एवढं एकच वाक्य आमच्या दोघांत शाबूत उरलं होतं.
तेही तो माझ्या पोराला सांगायचा,
पोरगा मला.

टायरच्या आतल्या कडेला तार दिसायला लागली
तेव्हा एका रविवारी, उन्हं यायच्या आत,
भाईदास कांडपाच्या शेडमध्ये उभा,
हातात ठिबकची नळी, पाण्यानं भरलेली.
नंदुरबारात आमच्या मालकीची
सपाट म्हणावी अशी जागा एकच:
जिथं मिरची तोलली जाते.
नळीतलं पाणी चारही चाकांपाशी धरून पाहिलं.
मागच्या उजव्याखाली
जुन्या उधारीच्या वहीचा पुठ्ठा सरकवला.
त्या वहीतून वसूल झालं ते एवढंच.

जॅक लावला. चाक हातानं फिरवलं.
विटेवर टेकवलेला खिळा
खडू फासलेल्या रबरावर रेघ ओढत गेला
आणि निघाला होता तिथंच येऊन मिळाला.
भाईदासच्या हाताला हे जमतं.
माझी रेघ शेवटी
स्वतःला चुकवून बोटभर वर जाते.
दोन्ही चाकं त्यानंच केली.
गाडी खाली घेतली, बोनेट दाबून दाबून हलवलं,
चार पावलं पुढे ढकलली.

मग टेप.
टेपला दोन माणसं लागतात
हे त्यालाही तेव्हाच आठवलं असणार.
पोरगा क्लासला गेला होता.

"आठे धर."
टेपचं पत्र्याचं नाक ढिलं,
एखाद मिलीमीटर खोटं बोलतं,
म्हणून मी दहाच्या रेघेवर नख रोवलं.
पलीकडे तो पालथा पडून वाचत होता.
गाडीच्या पोटाखालून अर्धाच चेहरा दिसायचा.
भुवईतले पांढरे केस
मला नवे होते.

"कितलं शे?"
"एकशे अठ्ठेचाळीस, चार."
मग मागच्या बाजूनं, तेवढ्याच उंचीवर.
"एकशे सत्तेचाळीस..."
इथं मला शिंक आली.
फरशीच्या सांधीत साचलेला वर्षभराचा तिखटाचा धूर,
टेप सपकन परत गेली.
दुसरी शिंक.
तो काहीच बोलला नाही, उठलाही नाही.
तिसरी होऊन गेल्यावर म्हणाला, "धर आते."
मला तीनच येतात. लहानपणापासून.

सहा मिलीमीटर पुढे उघडी.
एवढ्यानं अठरा हजारांचे टायर जातात.

तो पाना घेऊन खाली सरकला,
चेकनटच्या बाहेरचे आटे नखानं मोजू लागला.
डावीकडे, "अकरा."
उजवीकडे जाऊन बराच वेळ लागला.
"चार."
दोन्हीकडे सारखे असायला हवेत, हे मलाही माहीत आहे.
कुणीतरी एकच बाजू फिरवून
गाडी कशीबशी सरळ दाखवली होती.

कुणीतरी म्हणजे नवापूरचा एक पोरगा, पन्नास रुपयांत,
गेल्या श्रावणात,
विसरवाडीच्या वळणावर मी ती दगडावर घातली त्या संध्याकाळी.
पुढच्याच आठवड्यात भाईदास तोरणमाळला जाऊन आला
आणि मी भर अंगणात म्हणालो,
घाटात तूच वाकवलीस.
वहिनी ओसरीवर मिरचीची देठं खुडत होती.
तिचा हात थांबलेला मला आठवतो.

आता तो खाली, मी वर.
नट सुटताना जो एक किरर् आवाज येतो
तो आला.
त्यानं आधी आटे सारखे केले,
मग दोन्हीकडे पाव-पाव फेरा.
पुन्हा ढकलणं, पुन्हा माप,
पुन्हा मी दहावर नख.
सातव्या खेपेला म्हणाला,
पुढे दीड मिलीमीटर कमी राहू दे.
का, ते मी विचारलं नाही.
त्या दिवशी मी काहीच विचारलं नसतं.

प्रकाशाच्या रस्त्याला, कापसाच्या शेतांमधून,
त्यानं स्टीअरिंगवरचे दोन्ही हात उचलले.
मी दाराची कडी धरली.
गाडी नाकासमोर चालली.
निदान पुलापर्यंत तरी.

क्लासहून पोरगा आला तेव्हा
आम्ही रॉकेलनं हात धूत होतो.
काका, वाकली कशी होती शेवटी?

भाईदासनं नखातलं ग्रीस काडीनं काढलं,
काडी टाकली, दुसरी घेतली.
"दगड व्हता," म्हणाला.